एजंटसाहेब, लिहून द्या

महाराष्ट्रात घर घेणारे कुटुंब आयुष्यातली सर्वांत मोठी रक्कम ज्याच्या शब्दावर पुढे करते, तो जागेचा एजंट सहसा एक ओळही लिहून देत नाही. बोलतो मात्र भरपूर. स्टेशन चालत पाच मिनिटांवर आहे, पाण्याचा प्रश्न नाही, कागदपत्रे एकदम क्लिअर आहेत, पझेशन दिवाळीपर्यंत मिळेल, पार्किंगचे बघून घेऊ. टोकन दिले जाते आणि मग ग्राहकाच्या हातात दोन कागद येतात : बिल्डरचे गुळगुळीत ब्रोशर आणि पानेच्या पाने चालणारा इंग्रजी करारनामा. पहिल्यात चित्रे जास्त आणि माहिती कमी. दुसऱ्यात माहिती सगळी आहे, पण ती उलगडून सांगणारे घरात कोणी नसते. या भागात, या इमारतीत, या किमतीला घर घेतले तर काय पदरात पडेल आणि काय पडणार नाही, हे साध्या मराठीत सांगणारा तिसरा कागद एजंटाने स्वतः लिहायला हवा, असे माझे म्हणणे आहे. त्यावर त्याचे नाव हवे, नोंदणी क्रमांक हवा आणि तारीख हवी. ग्राहकाचा यात फायदा आहे हे कोणालाही पटेल. पण एजंटाचा धंदाही यापुढे याच कागदावर टिकेल, असे मला वाटते.

एजंटाचे भांडवल पूर्वी त्याच्या डायरीत असायचे. कोणत्या इमारतीत कोणता फ्लॅट विकायचा आहे, मालक किती खाली येईल, हे त्याला ठाऊक आणि इतरांना नाही. दलाली त्या अज्ञानावर मिळायची. आता विक्रीचे फ्लॅट कोणीही मोबाइलवर पाहतो. केंद्राचा स्थावर संपदा कायदा २०१६ चा, आणि तो १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. तेव्हापासून नोंदणीकृत प्रकल्पाचे मंजूर नकाशे, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, पूर्णत्वाची जाहीर केलेली तारीख, जमिनीवरचे दावे हे सगळे महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर फुकट उघडे आहे. म्हणजे पत्ता सांगण्याचे मोल उतरले. उरले ते अर्थ सांगण्याचे मोल. नकाशातली कोणती रेघ आपल्या खिडकीसमोरच्या रस्त्याची आहे, पूर्णत्वाची तारीख आजवर किती वेळा पुढे गेली, सर्च रिपोर्टमध्ये बँकेचा बोजा दिसतो तो कशाचा, हे सामान्य माणसाला कागद समोर असूनही कळत नाही. एजंटाने ते सांगितले तर त्याला पैसे मोजण्यात ग्राहकाला काही वाटणार नाही.

एजंट सांगतोच की तोंडी, मग लिहायचे कशाला, असा प्रश्न येईल. त्याचे उत्तर हितसंबंधांमध्ये आहे. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हरसन या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेत शिकागो परिसरातल्या घरविक्रीचा अभ्यास केला आणि २००८ मध्ये तो प्रसिद्ध केला. एजंट स्वतःचे घर विकतात तेव्हा ते अशिलाच्या घरापेक्षा सुमारे साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवतात आणि सुमारे ३.७ टक्के जास्त किंमत मिळवतात, असे त्यांना आढळले. हे एजंट लबाड होते असा याचा अर्थ नाही. ज्याला बाजार कळतो आणि ज्याचे कमिशन सौदा लवकर मिटण्यावर अवलंबून असते, तो नकळतही घाई करतो. अमेरिकेची पद्धत वेगळी हे खरे, पण आपल्याकडे ओढ उलट अधिकच आहे. नव्या प्रकल्पात एजंट ‘चॅनल पार्टनर’ म्हणून येतो आणि त्याचे कमिशन बिल्डर देतो. ग्राहकाला मात्र तो आपला माणूस वाटतो. बोललेला शब्द अशा वेळी सौद्याच्या बाजूला झुकतो, आणि नंतर कोणी काय म्हटले होते याला साक्ष उरत नाही. लिहिताना माणूस थबकतो. ‘स्टेशन पाच मिनिटांवर’ हे बोलायला सोपे आहे. सहीखाली लिहायचे तर अंतर मोजावे लागते.

कायद्याचा कलही लेखी शब्दाकडेच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे कलम ५५ सांगते की भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, तो करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची, आणि तो नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाईल. ज्याच्याकडे ताकद आणि माहिती जास्त त्याने लिहून द्यावे, नाही तर त्याचा तोटा त्याने सोसावा, असे हे तत्त्व आहे. स्थावर संपदा कायद्यात एजंटासाठी हेच आहे. कलम ९ नुसार नोंदणीशिवाय त्याला नोंदणीकृत प्रकल्पातले घर विकून देता येत नाही. कलम १० नुसार त्याने तोंडी, लेखी किंवा चित्राने खोटे विधान करायचे नाही, आणि बुकिंगच्या वेळी ग्राहकाला ज्या माहितीचा आणि कागदपत्रांचा हक्क आहे ती मिळवून द्यायची. हे मोडले तर कलम ६२ खाली दर दिवसाला १० हजार रुपये आणि वाढत वाढत घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्राने पुढे जाऊन एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा आणली, १ जानेवारी २०२४ पासून सक्षमता प्रमाणपत्र सर्वांना सक्तीचे केले, आणि ते न घेतलेल्या सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी त्याच वर्षी स्थगित केली. कायद्याने एजंटाला आता व्यावसायिक मानले आहे. डॉक्टर चिठ्ठी लिहितो, वकील अभिप्राय लिहितो; जागेच्या एजंटाने बोलण्यावरच का थांबावे?

महारेरा क्रमांक आहे, जाहिरातीवर क्यूआर कोड आहे, मग वेगळे काय लिहायचे, असे अनेक एजंट म्हणतील. कल्याण-डोंबिवलीचे उदाहरण त्यांनी आठवावे. तिथल्या ६५ इमारतींनी पालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवल्याचे २०२२ मध्ये उघड झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. त्या घरांच्या जाहिरातीत क्रमांक खराच होता. खोटी होती ती त्यामागची परवानगी. नालासोपाऱ्यात कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव असलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती २०२५ च्या सुरुवातीपर्यंत जमीनदोस्त झाल्या आणि हजारो माणसे रस्त्यावर आली. ते आरक्षण शहराच्या विकास आराखड्यात छापलेले होते. अशा जमिनीवरचे घर विकून देणाऱ्याने आराखड्याचे ते एक पान पाहून ‘या सर्व्हे नंबरवर अमुक आरक्षण दिसते’ एवढे लिहिण्याची सवय ठेवली असती, तर काही घरे तरी वाचली असती. महारेरा आता परवानगीची खातरजमा नियोजन प्राधिकरणाकडून थेट करून घेते, ही सुधारणा मोठी आहे. तरीही क्रमांक दाखवून मोकळे होणे आणि क्रमांकामागचे कागद पाहिल्याचे लिहून देणे यांत जे अंतर आहे, तिथेच एजंटाच्या मेहनतान्याचे समर्थन आहे.

कोणत्याही सरकारी संकेतस्थळावर नीट मिळत नाही आणि एजंटाला पाठ असते अशी माहिती म्हणजे त्या भागाची. कोल्हापूर-सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी कोणत्या गल्लीपर्यंत चढले, हे तिथल्या एजंटाला माहीत असते. पाटबंधारे खात्याची निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते हेही माहीत असते. बदलापुरात जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीचे पाणी कोणत्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये शिरले, पुण्यात सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत जुलै २०२४ च्या पुरात काय झाले, हे तिथे जागा विकणाऱ्याला विसरता येणार नाही. पुणे महापालिकेत २०२१ मध्ये २३ गावे आली. त्यांतल्या अनेक सोसायट्या आजही टँकरवर जगतात, आणि टँकरचा खर्च दर महिन्याच्या मेंटेनन्समध्ये येतो. एजंटाने या माहितीचे एक टिपण केले, वर्षातून दोनदा सुधारले आणि येणाऱ्या प्रत्येकाला दिले, तर तो त्या भागाचा जाणकार ठरेल. अवघ्या पुण्याबद्दल किंवा अवघ्या मुंबईबद्दल लिहिणारे खूप आहेत. आनंदनगरच्या मागच्या दोन गल्ल्यांत उन्हाळ्यात पाण्याचा दाब किती असतो हे लिहिणारा कोणी नसतो. माझा आग्रह असा, की लिहिणाऱ्याने क्षेत्र लहान ठेवावे. जे रोज पायाखाली येते तेवढ्यावरच लिहावे.

दुसरी गोष्ट हिशेबाची, आणि इथे तर एजंटांच्या मौनाने संसार विस्कटतात. पुण्यात बांधकाम चालू असलेला ६० लाखांचा फ्लॅट घ्या. सध्याच्या दरांनी मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी शुल्क ३० हजार. जीएसटी ५ टक्के, म्हणजे ३ लाख. घर साडेसदुसष्ट लाखांना पडले. पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते आणि मुद्रांक शुल्क-नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाही. म्हणजे कर्ज फार तर ४८ लाख. कुटुंब १२ लाख जमवून निघालेले असते. प्रत्यक्षात साडेएकोणीस लाख लागतात. ही तूट टोकन दिल्यानंतर कळते आणि मग सोने गहाण पडते किंवा महागडे वैयक्तिक कर्ज निघते. घर फक्त बाईच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, या उदाहरणात ६० हजारांची. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घराला जीएसटी नाही. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घरात खरेदीदाराला १ टक्का टीडीएस कापून भरावा लागतो. तो किमतीतूनच जातो, पण भरायचा राहिला तर नोटीस खरेदीदाराला येते. हे सगळे एका पानात मावते. जागेचे क्षेत्रफळ लिहिताना कार्पेटच लिहावे, चौरस मीटरमध्ये आणि चौरस फुटांत, कारण कायदा कार्पेटच मानतो आणि सुपर बिल्ट-अपचा आकडा आता केवळ भूल पाडायला उरला आहे.

शेतजमीन आणि गुंठ्यातले प्लॉट यांच्याबाबत तर लिहिण्याची गरज याहून तातडीची आहे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याला बगल देऊन एक-एक गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट, नोटरीच्या कागदावर विकला गेला. घेणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर लागले नाही किंवा दहा जणांबरोबर सामाईकात लागले. २०२५ मध्ये शासनाने काही निवासी भागांना या कायद्यातून मोकळे करण्याचे पाऊल उचलले. आता दोन वर्षांपूर्वीचा मजकूर आज वाचणारा चुकेल आणि आजचा मजकूर पुढच्या वर्षी वाचणाराही चुकू शकेल. म्हणून प्रत्येक टिपणावर तारीख हवी आणि नियम बदलला की जुने टिपण मागे घेतल्याचे सांगायला हवे. कोकणात ‘एनए प्लॉट’ म्हणून जे विकले जाते त्यात बिगरशेती आदेश खरेच झाला आहे का, जमीन भोगवटादार वर्ग १ ची की वर्ग २ ची, रस्ता नकाशावर आहे की शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर, हे दुबईत किंवा न्यू जर्सीत बसून पैसे पाठवणाऱ्या मराठी माणसाला कसे कळणार? त्याला तर परकीय चलन कायद्यानुसार शेतजमीन आणि फार्महाउस विकत घेताच येत नाही, हेसुद्धा पुष्कळदा विसार दिल्यावर समजते. तो साइटवर येऊ शकत नाही, भाऊ किंवा मावसभाऊ मुखत्यारपत्रावर सह्या करतो. अशा ग्राहकाला लेखी टिपणाइतका दुसरा आधार नाही, आणि असा ग्राहक मिळवण्याचा एजंटाकडेही याहून चांगला मार्ग नाही.

आता आक्षेपांकडे. सगळे लिहून दिले तर ग्राहक ते टिपण घेऊन दुसऱ्या, कमी दलाली घेणाऱ्याकडे जाईल किंवा थेट मालकाला गाठेल, ही भीती खरी आहे. काही जण जातीलही. पण नीट पाहिले तर लिहायचे आहे ते भागाबद्दल, हिशेबाबद्दल, कागदपत्रांबद्दल. मालकाचा फोन नंबर त्यात द्यायचा नाही. जो टिपण वाचून पळतो तो साइट दाखवल्यावरही पळतोच, आणि तेव्हा एजंटाचा रविवारही वाया गेलेला असतो. उलट वाचून आलेला ग्राहक आपले बजेट ओळखून येतो, दहा जागांऐवजी तीन जागा पाहतो. टिपणामुळे गिऱ्हाईक कमी झाले तरी सौदे कमी होतील असे मानायला कारण दिसत नाही.

दुसरा आक्षेप जड आहे. भागातल्या पाण्याबद्दल, पूररेषेबद्दल खरे लिहिले तर बिल्डर काम देणार नाही. हे होईल. मोठ्या प्रकल्पांवर जगणाऱ्या एजंटाला सुरुवातीला याची झळ बसेल, आणि ती बसणारच नाही असे सांगणे खोटे ठरेल. तरी यात मार्ग आहे. मत लिहू नये, नोंद लिहावी. ‘हा बिल्डर वेळ पाळत नाही’ असे लिहिले तर वाद होतो. ‘महारेराच्या नोंदीनुसार पूर्णत्वाची मूळ तारीख अमुक होती, आता तमुक आहे’ असे लिहिले तर कोणाला हरकत घेता येत नाही, कारण ती नोंद बिल्डरनेच भरलेली असते. स्थावर संपदा कायद्याचे कलम १२ हेही विसरू नये : जाहिरात, माहितीपत्रक किंवा सॅम्पल फ्लॅटमधल्या खोट्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचे नुकसान झाले, तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते, आणि ग्राहक बाहेर पडू इच्छीत असेल तर सगळी रक्कम व्याजासह परत करावी लागते. खरी माहिती आधीच लिहून देणारा एजंट बिल्डरलाही या कलमापासून वाचवतो. ज्या बिल्डरला हे पटत नाही त्याच्या प्रकल्पावर आपले नाव लावायचे की नाही, हा निर्णय एजंटाला कधी ना कधी घ्यावाच लागेल.

वकिलाचे काम एजंटाने करू नये, हा तिसरा आक्षेप मला मान्य आहे. जमिनीचे टायटल निर्वेध आहे असे एजंटाने कधीही लिहू नये. सातबारा, फेरफार, प्रॉपर्टी कार्ड, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचे अभिहस्तांतरण झाल्याचा दस्त यांतले काय मी पाहिले, कोणत्या तारखेचे पाहिले, काय मला दाखवले गेले नाही, एवढेच त्याने लिहावे. ‘दाखवले गेले नाही’ ही ओळ ग्राहकाच्या वकिलाला सर्वांत उपयोगी पडते. रीसेलच्या जुन्या इमारतींत तर अभिहस्तांतरण झाले नसेल तर जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावरच असते आणि पुनर्विकासाच्या वेळी सगळे तिथे अडकते. ही माहिती विचारल्याशिवाय कोणी देत नाही आणि काय विचारायचे हे पहिल्यांदा घर घेणाऱ्याला माहीत नसते.

लोक वाचत नाहीत, रील पाहतात, असेही म्हटले जाते. जागा आवडायला रील पुरेसे असेल. पण निर्णय होतो तो रात्री जेवणानंतर, घरातली चार माणसे बसतात तेव्हा. त्यात भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून देणारे वडील असतात, दागिने मोडायला तयार झालेली आई असते. मुलाला इंग्रजी करारनामा झेपेल. पैसे देणाऱ्या त्या दोघांना मराठीत लिहिलेले पान हवे असते. मुंबईत करारनामा बहुधा इंग्रजीत होतो, तर त्याच दस्ताची सूची क्रमांक २ मराठीत निघते. दोन्ही कागद एकाच घरात दोन वेगवेगळी माणसे वाचतात. दोघांना जोडणारा मजकूर एजंटच लिहू शकतो. त्याला साहित्यिक असण्याची गरज नाही. छोटी वाक्ये, आकडे, तारीख, आणि सरकारी शब्द आला की त्याचा अर्थ लगेच पुढच्या वाक्यात, एवढे जमले तरी पुरे. ‘निसर्गरम्य’, ‘सुवर्णसंधी’, ‘शेवटचे काही फ्लॅट’ हे शब्द त्याने टाळावेत. ते दिसले की वाचणारा सावध होतो आणि पुढच्या खऱ्या माहितीवरही त्याचा विश्वास बसत नाही.

एजंट हे आपणहून करतील याची वाट पाहण्याची मात्र गरज नाही. घर घेणाऱ्यांनी मागायला सुरुवात केली पाहिजे. टोकनचा चेक लिहिण्याआधी एजंटाकडून त्याचा महारेरा नोंदणी क्रमांक, कार्पेट क्षेत्रफळ, सर्व करांसह होणारी एकूण रक्कम, पार्किंग कोणते आणि करारात कुठे नमूद होणार, पाणी कुठून येते, भोगवटा प्रमाणपत्र आहे की नाही आणि दलाली कोण किती देणार, हे त्याच्या सहीने किंवा त्याच्या नंबरवरून आलेल्या लेखी संदेशात घ्या. नोंदणीकृत करार होईपर्यंत बिल्डरला घराच्या किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम कायद्याने घेता येत नाही, हेही त्याच्याकडूनच लिहून घ्या. जो हे लिहून द्यायला तयार नाही, त्याला दलाली देऊ नका.